वाचकांचे प्रश्न : रोमन देव्हाऱ्यातले वीतभर देव

गेल्या महिन्यात पाँपेईच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतल्या रोमन शहराच्या, घरांबद्दल लिहिताना भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेल्या ब्राँझच्या छोट्या मूर्तींचा मी एका ओळीत उल्लेख केला आणि पुढं निघून गेले, तर त्या एका ओळीवरच इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळी सगळा कॉलम त्यालाच देतेय. सांगली-साताऱ्याकडची पत्रं जास्त आहेत. मला त्याचं नवल वाटलं नाही, ज्या घरात टाक पुजले जातात त्या घरातल्या माणसाला हा विषय अर्धा आधीच माहीत असतो.

मॅडम, मुलीकडं लंडनला गेलो होतो. ब्रिटिश म्युझियममध्ये एका कपाटात बोटभर, वीतभर उंचीच्या ब्राँझच्या मूर्ती मांडल्या होत्या, रोमन म्हणून लिहिलेलं. नातू म्हणाला, आजोबा ही त्यांची खेळणी असणार. मला तसं वाटेना पण सांगताही येईना. नक्की कशासाठी होत्या त्या? — एक वाचक, तासगाव

काका, तुम्हाला वाटेना ते बरोबरच आहे. रोमन पोरींच्या बाहुल्या वेगळ्या असायच्या, हाडाच्या, मातीच्या, चिंध्यांच्या, श्रीमंताघरी हस्तिदंताच्या. 1889 मध्ये रोममध्ये क्रेपेरेया ट्रायफेना नावाच्या मुलीची कबर सापडली, तिच्यात अशी हस्तिदंती बाहुली होती, हातपाय सांध्यातून हलणारी. लग्नाआधी मुली आपल्या बाहुल्या देवाला वाहून टाकायच्या. तर खेळणं ते, आणि तुम्ही बघितलं ते बहुतेक दुसरंच.

त्या मूर्तींचा सगळ्यात मोठा उपयोग म्हणजे घरातले देव. रोमन घरात देव्हारा असायचा, आज आपण त्याला लारारियम म्हणतो, कुठं भिंतीतला साधा कोनाडा, कुठं छोट्या देवळासारखा खांब-शिखर असलेला, कुठं नुसतं भिंतीवर रंगवलेलं चित्र. त्यात लार नावाचे दोन देव, जोडीनं, आखूड अंगरखा घातलेले, पावलं नाचल्यासारखी, एका हातात उंच धरलेलं शिंगाच्या आकाराचं पिण्याचं भांडं. हे घराचे राखणदार. त्यांच्या मधे जीनियस, म्हणजे घरातल्या कर्त्या पुरुषाची जी जीवनशक्ती आहे तिचंच रूप, डोक्यावरून वस्त्र घेतलेलं आणि हातात अर्घ्याची थाळी, कारण रोमन माणूस देवाचं करताना डोकं झाकायचा, आपल्याकडं आजी पदर घेते आणि आजोबा टोपी शोधतात तसंच अगदी. कर्त्या माणसाच्या वाढदिवसाला या जीनियसची पूजा व्हायची.

आणि मग पेनाटीस. हा शब्दच कोठीच्या खोलीवरून आलाय, घरातलं धान्य-तेल कधी सरू नये म्हणून बघणारे देव. यात कुठले देव घ्यायचे ते ज्या त्या घरानं ठरवायचं आणि मला हे सगळ्यात आवडतं, कारण म्हणूनच प्रत्येक देव्हारा वेगळा. पाँपेईत लाल भिंतींचं घर म्हणून एक घर आहे, तिथल्या देव्हाऱ्यात दोन लार, आणि त्यांच्यासोबत मर्क्युरी, अपोलो, हर्क्युलीस आणि वैद्यांचा देव एस्क्युलेपियस, अशा सहा ब्राँझ मूर्ती होत्या. आपल्याकडं एकाच ताम्हनात खंडोबा, जोतिबा, तुळजाभवानी, बाळकृष्ण आणि कुणीतरी काशीहून आणलेली अन्नपूर्णा बसलेली असते ना, आणि त्या सगळ्यांकडं बघून घराचा अर्धा इतिहास कळतो, माहेर कुठलं, मूळ गाव कुठलं, कोण कुठल्या यात्रेला जाऊन आलं, तसंच हे.

पण कपाटातली प्रत्येक मूर्ती देव्हाऱ्यातलीच असते असं नाही. पुष्कळ मूर्ती देवळात सापडतात, नवसाच्या म्हणून. रोमन लोकांच्या नवसफेडीच्या लेखात शेवटी चार अक्षरं येतात, व्ही एस एल एम, त्याचा अर्थ थोडक्यात असा की नवस फेडला, खुशीनं फेडला, देवाला तो मिळायलाच हवा होता. आपण देवीला चांदीचे डोळे वाहतो, हात-पाय वाहतो, इटलीतल्या जुन्या देवळांतही मातीचे हात, पाय, डोळे ढिगानं सापडलेत.

आणि काही मूर्ती तर कशाच्या तरी भागच असतात. दिव्याची दांडी, घडीच्या तिवईचा पाय, पलंगाच्या टोकाचा मुखवटा, पाणी ओतायच्या जगची मूठ, सुरीची मूठ. सांगलीच्या मार्केट यार्डाशी ज्यांचा संबंध आहे त्यांना एक आवडेल, रोमन व्यापाऱ्याचा काटा म्हणजे एक लांब दांडी, एका टोकाला माल अडकवायचा आकडा आणि दांडीवर पुढंमागं सरकणारं वजन, आणि ते वजन पुष्कळदा देवाचा किंवा देवीचा अर्धपुतळा असायचा, वरून ब्राँझ आणि आत शिसं ओतलेलं. म्हणजे हळद मोजताना मिनर्व्हा देवी सरकवायची. सुटा पुतळा हातात आला की तो देव्हाऱ्यातला की काट्यावरचा हे चेहऱ्यावरून कळत नाही, डोक्यावर कडी आहे का, पाठ सपाट आहे का, खाली खुंटी किंवा भोक आहे का, आत शिसं आहे का, हे बघावं लागतं. नातवाला सांगा, पुढच्या वेळी काचेला नाक लावून आधी मूर्तीची पाठ दिसते का बघ.

मी अकरावीत आहे. मर्क्युरी, जुपिटर, लार हे सगळे मला सारखेच दिसतात. ओळखायचे कसे? — कराड

बाळ, हातात काय आहे ते बघायचं, चेहरा नंतर. आपण तरी मुरलीवरून कृष्ण आणि गदेवरून मारुतीच ओळखतो ना. मर्क्युरीच्या हातात पैशाची थैली, दुसऱ्या हातात दोन साप गुंडाळलेली काठी, टोपीला नाहीतर पायाला पंख, शेजारी कधी कोंबडा, कधी बोकड, कधी कासव. तो व्यापाऱ्यांचा आणि प्रवाशांचा देव. आजच्या फ्रान्सकडच्या भागात हा देव लोकांना सगळ्यात जास्त प्रिय आहे असं ज्युलियस सीझरनं स्वतः लिहून ठेवलंय आणि तिकडं मर्क्युरीच्या छोट्या मूर्ती मिळतातही खूप. जुपिटरकडं वज्र, मिनर्व्हाकडं शिरस्त्राण आणि ढाल, हर्क्युलीसकडं सोटा आणि सिंहाचं कातडं. फॉर्च्युना म्हणजे नशिबाची देवी, तिच्या एका हातात फळाफुलांनी भरलेलं शिंग आणि दुसऱ्या हातात नावेचं सुकाणू. अडचण एवढीच की हातातली वस्तू बारीक असते आणि तीच आधी मोडून हरवते, मग नुसत्या बोटांच्या वळणावरून ओळखायचं, ते जमायला वेळ लागतो पण जमतं.

आम्ही विट्याकडचे गलाईवाले, तीन पिढ्या सोनं-चांदी गाळतोय. या मूर्ती ओतीव की ठोकून केलेल्या? भरीव असतात का पोकळ? — खानापूर तालुक्यातून

दादा, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त समजणार. ओतीव आहेत. आपले चांदीचे टाक पत्र्यावर ठोकून उठवलेले असतात, हे तसं नाही. आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर मातीचा लेप, मग भट्टीत तापवलं की मेण वितळून वाहून जातं आणि त्या पोकळीत धातू ओततात, गार झालं की माती फोडायची. साचा फुटतो म्हणून एका साच्यातून एकच नग. आपल्याकडंही हीच रीत, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं 12 व्या शतकात ती संस्कृतात सविस्तर लिहून ठेवलीय, आणि ओतारी मंडळींच्या हातात ती त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

छोट्या मूर्ती शक्यतो भरीव. मोठ्या असतील तर आत मातीचा गाभा ठेवून पोकळ, नाहीतर धातू फार लागतो आणि गार होताना मूर्ती दगा देते. धातू म्हणजे तांबं आणि कथिल, आणि रोमन लोक त्यात बऱ्याचदा शिसं घालायचे, रस पातळ होतो आणि बोटांपर्यंत, केसांच्या बटांपर्यंत जाऊन भरतो. नुसतं तांबं 1084 अंशाला वितळतं, कथिल मिसळलं की ते बरंच खाली येतं, हे तुम्हाला सांगायला नको. कधी हात वेगळे ओतून नंतर जोडलेले असतात, बैठक तर बहुतेक वेळा वेगळीच. मग छिन्नीनं केस, वस्त्राच्या चुण्या कोरायच्या आणि चांगल्या कामात डोळ्यांत चांदी बसवायची.

आज म्युझियममध्ये त्या हिरव्या-काळ्या दिसतात म्हणून आपण त्यांना तशाच समजतो, पण नव्या असताना त्या सोनेरी झळाळत असणार, तेलाच्या दिव्यापुढं तो पिवळा उजेड आणि त्यात डोळे तेवढे चांदीचे. एकदा निरांजनाच्या उजेडात आपला बाळकृष्ण बघा म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

आणि एक, तुमच्या धंद्यातली गोष्ट. शिल्लक राहिल्या त्या मूर्ती म्हणजे मोडीत न गेलेल्या. ब्राँझला कायम भाव होता, दगडाची मूर्ती पडून राहते पण धातूची मूर्ती वितळून उद्या कुणाची तरी कढई होते. म्हणून जमिनीत गाडलेल्या, राखेखाली दबलेल्या, नदीत पडलेल्या अशाच जास्त मिळतात.

ते लोक पूजा कशी करायचे? रोज? बायका करायच्या का? आणि ती बंद कशी पडली? — एक वाचक, मिरज

ताई, घरात चूल जिथं, देव तिथंच जवळ, ही मूळ रीत. वाहायचं ते साधंच, धूप, दारू, फुलांचे हार, धान्य, पिठाची पोळीसारखी भाकरी. जेवताना पहिली वाढ संपली की देवाच्या वाट्याचं अन्न अग्नीत टाकायचे आणि तोवर गप्प बसायचे. प्लॉटस नावाच्या जुन्या रोमन नाटककाराच्या एका नाटकात तर घराचा लार स्वतःच सुरुवातीला येऊन प्रेक्षकांशी बोलतो, सांगतो की या घरातला म्हातारा कंजूस आहे, माझं काही करत नाही, पण त्याची लेक मला रोज काहीतरी देते, कधी धूप, कधी दारू, कधी हार, म्हणून तिचं भलं करायचं मी ठरवलंय. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आलं. शेतीवर लिहिणारा केटो सांगतो की शेतावरच्या कारभारणीनं महिन्याच्या ठरलेल्या तीन दिवशी चुलीवर हार बांधावा आणि लाराला हात जोडावेत. नवी नवरी सासरी येताना नाणी आणायची, त्यातलं एक चुलीजवळच्या लाराला. मुलगा मोठा झाला की लहानपणापासून गळ्यात घातलेला ताईत काढून लारापुढं ठेवायचा.

पाँपेईच्या मोठ्या घरांत एक गोष्ट दिसते, दर्शनी भागात झकपक देव्हारा आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर नुसते रंगवलेले लार, खाली नाग. नोकर आणि गुलाम तिथंच हात जोडत असणार. तो नाग मला आपल्या नागपंचमीला भिंतीवर काढतात त्या नागोबाची आठवण करून देतो, अर्थात एकाचा दुसऱ्याशी काही धागा आहे असं मी म्हणत नाहीये, वास्तूचा राखणदार म्हणून साप पुजावासा वाटला तो दोन्हीकडं आपापला.

राजवाड्यातही हेच. ऑगस्टस बादशहा लहान मुलगा असतानाची एक जुनी छोटी ब्राँझ मूर्ती सुएटोनियस या चरित्रकाराला मिळाली होती, तिच्यावर लोखंडी अक्षरांत त्याचं लहानपणीचं टोपणनाव होतं, जवळजवळ पुसलेलं. सुएटोनियसनं ती हेड्रियन बादशहाला भेट दिली आणि हेड्रियननं ती आपल्या निजायच्या खोलीतल्या लारांच्या बरोबर पूजेत ठेवली. सगळ्या साम्राज्याचा मालक, आणि निजायच्या खोलीत एका छोट्याशा मूर्तीपुढं.

बंद म्हणाल तर 392 मध्ये थिओडोसियस बादशहाचा हुकूम निघाला. त्यात नुसती देवळं नाहीत, घरातल्या लाराला दिवा-अग्नी, जीनियसला दारू आणि पेनाटीसना धूप हे सुद्धा नाव घेऊन बंद केलं. हुकुमात इतक्या बारकाईनं नावं घालावी लागली म्हणजे तोवर घराघरात ते चालू होतं हे उघड आहे. त्याआधीच्या चारशे वर्षांत बादशहांनी देवळं बांधली, पाडली, पण ताईंनो, चुलीजवळचा देव काढायला वेगळा कायदा लागला.

2019 च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी चढायला लागलं तेव्हा सासूबाईंनी दागिने विचारले नाहीत, देव पदरात बांधले आणि मग नावेत बसल्या. रोमन लोकांची स्वतःच्या उगमाची जी गोष्ट आहे तिच्यात ट्रॉय शहर जळत असताना इनीयस म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेऊन निघतो आणि बापाच्या हातात घरचे पेनाटीस असतात. ती गोष्ट मी वर्गात वीस वर्षं शिकवली, समजली मात्र त्या दिवशी.

कोल्हापूरला टाउन हॉल म्युझियममध्ये पोसायडनची मूर्ती बघितली. समुद्राचा देव पंचगंगेकाठी काय करतोय? इथं रोमन लोक राहायचे का? — आष्टा

1940 च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर खोदाई झाली त्यात ती मिळाली, सातवाहनांच्या काळातल्या वस्तीत. पण कशासोबत मिळाली ते बघा, ब्राँझच्या जग-भांड्यांच्या साठ्यात. म्हणजे पोसायडनला कुणी कोनाड्यात बसवून धूप दाखवत होतं असं त्या जागेवरून दिसत नाही, लांबून आलेला किमती माल म्हणून तो घरात जपलेला होता. त्यासाठी इथं रोमन माणूस राहायची गरज नाही. त्या काळात पावसाळी वाऱ्यावर इजिप्तकडून जहाजं भडोच, कल्याण, चौलच्या बाजूला येत, तिथून माल घाट चढून वर देशावर. त्या व्यापाराची जी ग्रीक माहितीपुस्तिका आहे तिच्यात पैठण आणि तेर ही नावं आहेत आणि भडोचला उतरणाऱ्या मालात तांबं, कथिल, शिसं आहे. रोमन नाण्यांसारखे मातीचे गोल पदक करून गळ्यात घालायची फॅशनही तेर-कोल्हापूरकडं होती.

आणि उलटही झालंय! 1938 मध्ये पाँपेईत एका घरात भारतातली हस्तिदंताची स्त्रीमूर्ती सापडली, वीतभर उंच, भरपूर दागिने, आज नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे. आधी लक्ष्मी म्हणून गाजली, आता बरेच जण यक्षी म्हणतात. तशाच घडणीच्या मूर्ती आपल्या तेरला आणि भोकरदनला मिळाल्यात, तेरची लामतुरे म्युझियममध्ये बघायला मिळते. पाँपेईच्या मूर्तीच्या डोक्यातून खाली उभं भोक आहे, म्हणजे ती कशाला तरी बसवलेली होती, छोट्या टेबलाचा पाय किंवा आरशाची मूठ असावी. आपल्याकडची यक्षी तिकडं फर्निचर झाली आणि त्यांचा समुद्रदेव इकडं भांड्यांत येऊन बसला.

शेत नांगरताना वीतभर उंचीची हिरवट मूर्ती मिळाली. कोण म्हणतं रोमन आहे, लाखाची आहे. मामा म्हणतात चिंच लावून घास म्हणजे नाव दिसेल. काय करू? — वाई तालुक्यातून

घासू नका. चिंच नको, लिंबू नको, पावडर नको, ब्रश नको. आपण दसऱ्याला टाक उजळतो ते पूजेतल्या देवाला ठीक, जमिनीतून आलेल्या ब्राँझवर जो हिरवा-काळा थर असतो त्यातच डोळ्यातली चांदी, कोरीव रेघा, जोडाच्या खुणा जपलेल्या असतात आणि घासल्यावर त्या गेल्या की परत येत नाहीत. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर तो धातूचा रोग आहे, ओलाव्यानं वाढतो, मूर्ती कोरड्या डब्यात ठेवा आणि देव्हाऱ्यात ठेवून रोज पाणी घालू नका.

फोटोवरून मी तुम्हाला रोमन की नाही हे सांगणार नाही, तसं कुणी सांगत असेल आणि सोबत किंमतही सांगत असेल तर त्याला घरी बोलावू नका. जमिनीत सापडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाची वस्तू कलेक्टरला कळवायची असा 1878 चा कायदा आहे, आणि शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती 1972 च्या कायद्याखाली पुरावस्तू ठरते, परदेशी विकणं गुन्हाच. तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, राज्याच्या पुरातत्त्व विभागाला प्रत पाठवा.

तुमच्या हातात मूर्तीपेक्षा मोठी एक गोष्ट आहे, ती म्हणजे जागा. जर्मनीत वायसेनबुर्ग गावात 1979 मध्ये एका शिक्षकाला बागेत भाजीचा वाफा खणताना ब्राँझच्या वस्तू लागल्या, शंभरावर निघाल्या, त्यात डझनाहून जास्त देवांच्या मूर्ती, सोबत स्वयंपाकाची भांडी आणि अवजारं. सगळं एकाच खड्ड्यात एकत्र मिळालं म्हणून कळलं की तिसऱ्या शतकात टोळ्यांच्या हल्ल्याच्या भीतीनं कुणीतरी देवळातलं आणि घरातलं सामान पुरून ठेवलं आणि न्यायला परत आलंच नाही. त्यातली एकेक मूर्ती बाजारात सुटी आली असती तर ती नुसती छान मूर्ती राहिली असती, बस.

म्हणून आजच, ऊस लागणीच्या गडबडीत विसरायच्या आधी, त्या जागेला काठी रोवा, बांधापासून आणि विहिरीपासून पावलं मोजून वहीत लिहा, नांगराचा फाळ किती खोल होता ते लिहा, आजूबाजूला खापरं, मणी, राख, विटा दिसल्या तर त्या न उचलता मोबाईलवर फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून. तेवढा तुकडा या वेळी न नांगरता ठेवता आला तर फारच चांगलं. मामांना माझा नमस्कार सांगा आणि चिंच आमटीत घालायला सांगा.